तू तक्रार केली होतीस

प्रिय विमल,

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. लग्नाआधी लिहायची रीत नव्हती, आणि नंतर तू घरातच होतीस. घरातल्या माणसाला कोण पत्र लिहितं?

परवा तुझं वर्षश्राद्ध झालं. उदगीरहून तुझा भाऊ आला होता, पुण्याहून मेधा आली, आणि आपल्या नल्लकुंट्याच्या गल्लीतली चार माणसं. पानं वाढून झाली तसं तुझा भाऊ म्हणाला, "भाऊजी, ताईबद्दल दोन शब्द बोला." मग सगळे म्हणतात तेच म्हणालो. "विमलनं सत्तावीस वर्षांत कधी तक्रार केली नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तुझ्या भावानं डोळे पुसले. मेधा मात्र भरल्या पानावरून उठली आणि आत गेली.

पाहुणे गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, आईनं तक्रार केली होती. तुम्ही ऐकली नाहीत, ते वेगळं. आता ती नाही तर निदान तिच्या नावावर हे खोटं खपवू नका."

त्यानंतर दोन दिवस पोर माझ्याशी धड बोलली नाही.

तिचं बरोबर आहे. म्हणून हे पत्र. मला बोलता येत नाही, हे तुला कोणी सांगायला नको. लिहिता येतं. कारखान्याच्या भांडारात तेवीस वर्षं लिहीतच होतो: काय आलं, काय गेलं. तर हेही लेखी घे. तू तक्रार केली होतीस, विमल. अनेकदा केली होतीस. आणि प्रत्येक वेळी मी तिथंच, समोर बसलेला होतो.

नवी नवरी होतीस तेव्हा मी कामावरून आलो की चपला काढायच्या आत तुझा प्रश्न यायचा, "आज काय झालं?" मी म्हणायचो, "काय होणार?" रोज. तू मग तुझं सांगायचीस. भाजीवालीशी तेलुगूत बोलताना काय घोटाळा केलास, माझी आई काय म्हणाली, गल्लीत कोणाकडे काय झालं. मी "हं" म्हणत जेवायचो. वर्षा-दोन वर्षांत तुझा प्रश्न बंद झाला. मला काय वाटलं माहीत आहे? वाटलं, चला, रुळली बाई आता!

बेगम बाजारला वर्षाची मिरची-हळद आणायला जाताना दरवर्षी म्हणायचीस, "तुम्ही पण चला की." मी म्हणायचो, "ओझं जड होतं तर रिक्षा करून ये." तुला ओझ्यासाठी माणूस नको होता. एवढं साधं मला का कळलं नाही?

आणि ते बाळ. मेधा तीन वर्षांची होती. तुला पाचवा महिना होता आणि ते गेलं. दवाखान्यातून तुला घरी आणलं, दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरून निघालो. टॉनिकची बाटली आणि चार मोसंबी तुझ्या उशाशी ठेवली. तू माझ्या शर्टाचं टोक धरलंस. "जरा बसा ना."

"कारखान्याची गाडी चुकेल," मी म्हणालो.

तू टोक सोडलंस. पुन्हा कधी धरलं नाहीस. मी ते मोजत नव्हतो. तू मोजत असशील.

पण विमल, एक मलाही बोलायचं आहे. रागावू नकोस. मी कधी कधी विचारायचो. फार क्वचित, पण विचारायचो, "काय झालं गं?" तेव्हा तू "काही नाही" म्हणून भांडी घासायला घ्यायचीस. मी आपला "काही नाही" म्हणजे काही नाही असं धरून चालायचो. एकदा तरी माझ्या हातातला पेपर ओढून फेकायचा होतास! एकदा तरी ओरडायचं होतंस! तू सभ्य, मी मठ्ठ. अशानं कसं व्हायचं?

मग तो काळ आला. दिल्लीनं बाजार उघडा केला, बाहेरची यंत्रं स्वस्तात यायला लागली, आणि आमच्या कारखान्याचा माल कोणी विचारेना. आधी जादा पाळी बंद झाली, मग कँटीन, मग स्वेच्छानिवृत्तीचा कागद टेबलावर आला. स्वेच्छा कसली! साहेब म्हणाले, आज घ्या, उद्या हेही मिळणार नाही. पन्नासाव्या वर्षी मी घरी बसलो.

तू मात्र खुश होतीस. मेधाचं लग्न होऊन ती पुण्याला गेलेली, माझी आई त्याआधीच गेलेली, घरात आपण दोघंच. तू खुर्च्या अंगणाकडे तोंड करून मांडल्यास. म्हणालीस, "आता सकाळचा चहा इथं घेत जाऊ. निवांत बोलू."

मी चहा घेतला. खुर्चीतही बसलो. तोंडापुढं पेपर धरून. नंतर केबल आलं, तेव्हा खुर्ची आत ओढून घेतली. आधी मी दहा तास घरात बोलत नव्हतो, आता चोवीस तास बोलत नव्हतो. एवढाच काय तो बदल.

सहा महिन्यांनी तू म्हणालीस, "मी नोकरी धरायलेय." तारनाक्याच्या सरोजिनीअम्मा, निवृत्त शिक्षिका, दवाखान्याच्या रांगेत तुझी त्यांची ओळख झालेली. त्यांनी घरापुढं एसटीडी बूथ घातला होता. दहा ते पाच तिथं बसायचं. मी म्हणालो, "तुला वाटेल ते कर." हे माझं आवडतं वाक्य. मला ते फार मोठ्या मनाचं वाटायचं.

विद्यापीठ जवळ, त्यामुळे बूथवर कुठकुठली पोरं-पोरी गावाकडं फोन करायला यायची. काचेच्या खोलीतलं सगळं बाहेर ऐकू यायचं. घरी आलीस की सांगायचीस. "अहो, एक ओडिशाची मुलगी आहे. भाषा कळत नाही मला, पण रोज आईला एकच काहीतरी विचारते. आज मी विचारलं, काय गं विचारतेस? तर म्हणाली, आँटी, मैं पूछती हूँ आज तू क्या खाई. रोज विचारते हो! रोज!"

मी टीव्हीकडं बघत "हं" म्हणालो. तू थोडा वेळ उभी राहिलीस आणि आत गेलीस. तक्रार याहून सरळ कशी करतात, विमल?

मग खलीलभाई आला तो दिवस. भांडारात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, तुला आठवतो. मला खुळा म्हणत दारातूनच ओरडला, "क्या रे हौले, घर में बैठके अंडे देरा क्या?" आणि आम्ही जे सुरू झालो! साहेबाच्या नकला, कँटीनच्या डाळीतली माशी, गेटवरच्या दरवानाची गोष्ट. दोन तास. मी हसून हसून डोळे पुसत होतो. तू चहा घेऊन आलीस आणि ट्रे हातात धरून दारातच थांबलीस. मला वाटलं, गोष्ट ऐकतेयस.

तो गेल्यावर तू कपबशा उचलत विचारलंस, "तुमचा वरचा दात कधी पडला?"

"कोणता?"

"डावीकडचा. मागचा."

"झालं की वर्ष."

"मला बोलला नाहीत."

"त्यात काय बोलायचं?"

तू कपबशा पुन्हा खाली ठेवल्यास. "तसं नाही. तुम्ही आज हसलात म्हणून मला दिसला. वर्षभर तुम्ही माझ्यासमोर एकदाही तोंड उघडून हसला नाहीत."

मी काय म्हणालो? खलीलभाईनं आणलेला मिठाईचा पुडा तुझ्यापुढं सरकवला.

त्या रविवारी सकाळी तू बॅग भरलीस. दोन लुगडी, पोथी, चष्म्याचं घर. म्हणालीस, "सरोजिनीअम्मांच्या मागच्या अंगणात एक खोली रिकामी आहे. मी तिथं राहीन म्हणते."

"भांडण झालंय का आपलं?"

"नाही. भांडायला दोघं लागतात."

"मी तुला काय त्रास दिला? मारलं? पिऊन आलो?"

"नाही हो. तुम्ही चांगले आहात, सगळ्यांना माहीत आहे." तू बॅगेची चेन ओढलीस. "मला फक्त या घरात फार एकटं वाटतं. तिथं एकटीच असेन, तर एकटं वाटलं तरी चालेल."

मला तेव्हाही सुचलं ते हेच, "लोक काय म्हणतील?"

"सांगा त्यांना, बूथ लांब पडतो."

आणि मी खरोखर तेच सांगितलं. गल्लीत, तुझ्या भावाला, मेधालासुद्धा. बूथ लांब पडतो! नल्लकुंट्याहून तारनाका, विद्यापीठातून जाणारी बस, अर्ध्या तासाची वाट. मेधानं फोनवर फक्त "बरं बाबा" म्हटलं. तिला तू सगळं सांगितलं होतंस, हे मला आत्ता परवा कळलं.

पहिला आठवडा मी चिडून होतो. दुसऱ्या आठवड्यात घर खायला उठलं. तू असताना मला शांतता हवी असायची. ती मिळाली, तर ती घशाखाली उतरेना. तिसऱ्या रविवारी तुझी रक्तदाबाची गोळी इथंच राहिलीय, हे निमित्त काढून मी आलो. तुलाही कळलं असणार की गोळ्या तारनाक्यालाही मिळतात.

खोलीत टीव्ही नव्हता. पेपर यायचा तो तेलुगू. पायरीवर आपण दोघं बसलो, हातात चहा. बघायला काही नाही, वाचायला काही नाही. तू विचारलंस, "कसे आहात?" आणि मला "बरा आहे" म्हणता येईना.

त्या दिवशी मी तुला कारखान्यातला शेवटचा दिवस सांगितला. भांडाराच्या किल्ल्या कशा दिल्या, ज्यानं घेतल्या त्यानं मान वर करूनही पाहिलं नाही. घरी आल्यावर तू विचारलं होतंस आणि मी "झालं" एवढंच म्हणालो होतो. तू पूर्ण ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "आणि त्या दिवशी मी शिरा केला होता. तुम्ही सुटलात म्हणून!"

मग दर रविवारी यायला लागलो. इस्त्रीचा शर्ट घालून. सरोजिनीअम्मा फाटकातच अडवायच्या, "एमंडी, आजही पेळ्ळीचूपुलु का?" म्हणजे अहो, आजही मुलगी बघायला का! पन्नाशी उलटलेला माणूस मी, लाजायचो. आणि तू आत पदर तोंडाला लावून हसायचीस. तुझं ते हसणं मी पूर्वी पाहिलं होतं का? असेन. लक्षात नाही.

एका रविवारी तूच बाळाचं नाव काढलंस. नाव म्हणजे काय, नाव तर नव्हतंच. म्हणालीस, "आज असतं तर वीस वर्षांचं असतं."

मी म्हणालो, "त्या दिवशी मी काम केलं नाही."

"कोणत्या दिवशी?"

"तुझ्या उशाशी मोसंबी ठेवून गेलो तेव्हा. भांडारात खोक्यांच्या मागं बसून राहिलो. खलीलनं पाहिलं, म्हणाला, घर जा यार. मी गेटाबाहेर पडलो. पण घरी नाही आलो. विद्यानगरच्या बसथांब्यावर बसलो पाच वाजेपर्यंत. रडू येत होतं, म्हणून घरी नाही आलो."

तू हातातला कप पायरीवर ठेवलास. मग म्हणालीस, "हे मला तेव्हा सांगायचं होतंत."

"सांगून काय झालं असतं? बाळ थोडंच आलं असतं?"

"बाळ नसतं आलं. मी एकटी नसते रडले."

विमल, माझ्या उभ्या आयुष्यात मला कोणी एवढं खरं बोललं नाही.

आठ महिने. सत्तावीस वर्षांच्या संसारातले ते आठ महिने, तेही फक्त रविवार, तेवढाच आपला संसार झाला असं मला वाटतं. जास्त सांगत असेन, पण वाटतं खरं.

मग मला कावीळ झाली. शेजाऱ्यांनी बूथवर फोन केला आणि तू बॅग घेऊन हजर झालीस. बिनतेलाची भाजी, उसाचा रस, ताकभात. सव्वा महिना तू माझं सगळं केलंस. मी हिंडाफिरायला लागलो त्या सकाळी तू माझ्यासमोर येऊन बसलीस.

"सरोजिनीअम्मा विचारायल्यात, खोली ठेवायची का सोडायची. काय करू?"

विमल, उत्तर माझ्या तोंडाशी होतं. "जाऊ नकोस" म्हणायचं होतं. "जा, मी येत जाईन दर रविवारी" म्हणालो असतो तरी चाललं असतं. काहीही चाललं असतं! पण तू समोर बसून वाट बघत होतीस, आणि माझ्याकडं तसं कोणी बघितलं की तोंडाशी आलेलं मी परत आत ढकलतो.

"तुला वाटेल ते कर," मी म्हणालो.

तुझा चेहरा मी पाहिला. तू उठलीस आणि खोली सोडत असल्याचा निरोप द्यायला फोन लावलास.

का राहिलीस गं? त्या उत्तरावर का राहिलीस? दमली होतीस का? माझी दया आली? की आता हा बदलला असेल असं वाटलं? मलाही तसं वाटलं होतं. पहिले काही दिवस आपण अंगणात बसलोही. मग एक दिवस मी पेपर उघडला. नुसते मथळे बघावे म्हणून. दुसऱ्या दिवशी तू चहा ठेवून आत गेलीस. कोणी ठरवलं नाही, कोणी भांडलं नाही. तू परत आलीस आणि मी परत तोच झालो.

त्यानंतर तू दोन वर्षं होतीस. बूथवर जात राहिलीस. घरी आल्यावर तिथलं काही सांगेनाशी झालीस. माझ्या हे लक्षातसुद्धा आलं नाही. मेधानं परवा सांगितलं, आई मग सगळं मला फोनवर सांगायची.

आणि ती रविवारची दुपार. मी बाहेरच्या खोलीत होतो, तू आत. तू आतून काहीतरी म्हणालीस. मी "हं" म्हणालो. पंधरा-वीस मिनिटांनी चहा का नाही आला म्हणून उठलो, तर तू ओट्यापाशी खाली पडलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, काही करता आलं नसतं, लवकर कळलं असतं तरी. मला बरं वाटावं म्हणून ते म्हणाले असतील.

पण तू काय म्हणालीस, विमल? मला हाक मारलीस का? दुखतंय म्हणालीस? की नेहमीसारखं काही, दूध संपलंय, दळण आणा? मी कशाला "हं" म्हणालो? वर्ष झालं, मी तो आवाज आठवून बघतो. आवाज आठवतो. शब्द नाहीत.

हे एवढं लिहून मी थांबणार होतो. पण आज सकाळी एक गोष्ट झाली.

मेधा परतीची बॅग भरत होती. मी दारात उभा होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, समीर चांगला आहे. सगळे म्हणतात. पीत नाही, ओरडत नाही. ऑफिसातून येतो, कॉम्प्युटरसमोर बसतो. मी दोन तास रडले तरी त्याला कळत नाही. त्याला वाटतं, मला सर्दी झालीय."

मेधा आली की दर वेळी, आपला जावई किती गुणी म्हणून मी गल्लीत सांगत फिरायचो. गुणी म्हणजे काय? मीही गुणीच होतो.

सवयीनं तोंडात आलं होतं, होईल बेटा सगळं ठीक, पहिली वर्षं अशीच असतात. गिळलं. पलंगावर तिच्या कपड्यांशेजारी बसलो आणि म्हणालो, "पुढं सांग."

तिनं मान वर केली. तिला वाटलं मी दुसऱ्या कोणाला म्हणालो.

मग ती तासभर बोलली. मी मधे बोललो नाही, तोडगा सांगितला नाही. मला बऱ्याच गोष्टी कळल्या नाहीत. तिच्या नोकरीतलं, त्यांच्या त्या फ्लॅटमधलं. तरी ऐकलं. शेवटी तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "आईला हे मी सांगितलं होतं. ती म्हणाली होती, तू माझ्यासारखी थांबू नकोस."

तू असं म्हणालीस! बरं केलंस.

तर विमल, मेधानं बॅग बाजूला ठेवली आहे आणि मी ठरवलं आहे. मेधा इथं राहू दे, हवे तितके दिवस, कोणी विचारलं तर सांगायला मी बहाणा शोधणार नाही. आणि मी एकटा पुण्याला जाणार आहे. समीरला उपदेश करायला नाही, मला कोण अधिकार? त्याच्यासमोर बसून आपली हकिकत सांगायला. तू घर सोडून का गेलीस ते, मी काय केलं आणि काय केलं नाही ते, सगळं. ज्या माणसाला बायकोशी बोलता आलं नाही, त्यानं जावयाशी असलं बोलायचं! मला घाम फुटेल. शब्द सापडणार नाहीत. तो मधेच उठून जाईल, हसेल, "बाबा, तुम्ही दमलात, झोपा" म्हणेल. म्हणू दे. तो उठला तर मी थांबेन आणि तो परत आला की पुन्हा सुरू करेन.

तो ऐकेल का, सांगता येत नाही. मेधा परत जाईल का, तेही तिचं ती ठरवेल. पण मी बोलेन, विमल. एवढं वचन तुला देतो. उशिरा देतोय, ते मला माहीत आहे.

तुझाच,
माधव